दोन पेन्सिल सेल आणि रात्रीचे ओलित

दिवाळी सरते तशी वऱ्हाडातली वावरे रात्री जागी होऊ लागतात. सोयाबीन निघालेले असते, हरभरा पेरून झालेला असतो, तुरी फुलावर असतात आणि संत्र्याच्या बागांत अंबिया बहाराची तोड तोंडावर आलेली असते. अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी पसरलेल्या चांदूर बाजार तालुक्यात घाटलाडकी आणि शिरजगाव कसब्यापासून ब्राह्मणवाडा थडीपर्यंत हेच चित्र. विश्रोळीला पूर्णा प्रकल्पाचे धरण आहे. तरी विहिरी आणि बोअरच्या पाण्यावर चालणारे ओलितही मोठे. त्याला मोटार लागते, मोटारीला थ्री फेज लाइन लागते, आणि लाइन काही शेतकऱ्याची झोप बघून येत नाही.

महावितरणने शेतीच्या फीडरना वर्षानुवर्षे चक्राकार पद्धतीने वीज दिली. आठवड्यातले काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. दिवसा वीज मिळावी म्हणून २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा जाहीर झाला. ज्या फीडरवर सौर वीज पोहोचली तिथली रात्रपाळी सुटली. जिथे ती पोहोचायची आहे तिथे शेतकरी अजून अंधारात उठतो, कानटोपी चढवतो, काठी घेतो आणि खुंटीवरची बॅटरी काढतो.

या बॅटरीच्या खरेदीला घरात कोणी फारशी किंमत देत नाही. बियाण्याची पिशवी दहा दुकाने फिरून घेतली जाते, फवारणीच्या औषधावर पारावर चर्चा झडते, आणि बॅटरी मात्र आठवडी बाजारात फोकस एकदा भिंतीवर मारून, दोन-पाच मिनिटांत खिशात जाते. महिन्याभरात ती पिवळी पडते, दोन महिन्यांत तिचे बटण रुसते आणि पुढच्या बाजारात दुसरी येते. स्वस्त म्हणून घेतलेली वस्तू वर्षातून तीनदा घ्यावी लागली तर ती स्वस्त राहत नाही. शिवाय तिच्यावर पाय कुठे पडतो हे अवलंबून असते.

पाय कुठे पडतो, हा प्रश्न भारतात साधा नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने देशात सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला. त्यातली बहुतेक ग्रामीण भागातली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले, आणि केंद्र सरकारने २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा काढून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरवले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार प्रमुख विषारी सापांपैकी मण्यार तर रात्रीचाच. डॉक्टर आणि सर्पमित्र एकच सांगतात: रात्री पायात बूट हवा, हातात काठी हवी आणि पावलापुढे उजेड हवा. गमबूट आणि काठी वर्षानुवर्षे टिकतात. तिसऱ्या वस्तूची निवड मात्र चुकते.

मोबाइल आहे की, असे कोणी म्हणेल. मोबाइलचा दिवा जवळचे दाखवतो, पसरट दाखवतो. स्टार्टरच्या पेटीत डोकावायला तो ठीक. पण धुऱ्याच्या पलीकडे पऱ्हाटीत काय खसखसले, रानडुक्कर की रोही, हे त्यात दिसत नाही. ओल्या, चिखलाच्या हातांनी तो धरवत नाही, सरीत पडला तर दहा-पंधरा हजारांचे नुकसान, आणि दंश झालाच तर ज्या फोनवरून गाडी बोलवायची त्याचाच चार्ज उजेडात संपलेला. शेतातला दिवा आणि शेतातला फोन वेगळे असावेत, इतका धडा पुरेसा आहे.

वऱ्हाडातल्या जुन्या घरांत आजही माळ्यावर एखादी पितळी बॅटरी सापडते. दोन किंवा तीन मोठ्या सेलची, पुढे काचेचा चकचकीत वाटोळा चेहरा, अंगावर सरकते बटण. या वस्तूचा उगम अमेरिकेतला. डेव्हिड मिसेल या संशोधकाला जानेवारी १८९९ मध्ये नळीच्या आकाराच्या हातदिव्याचे पेटंट मिळाले. कॉनरॅड ह्युबर्टच्या कंपनीने तो बाजारात आणला आणि ती कंपनी पुढे एव्हररेडी या नावाने ओळखली गेली. त्या काळच्या सेलला सलग जोर नव्हता आणि दिव्याची तारही कमकुवत होती, त्यामुळे तो क्षणभर लावायचा आणि विझवायचा.

भारतात एव्हररेडीची कंपनी १९३४ मध्ये नोंदली गेली. तीच पुढे युनियन कार्बाइड इंडिया झाली. १९५८ मध्ये तिचा बॅटऱ्यांचा कारखाना लखनौत सुरू झाला आणि तिथली पितळी ‘जीवन साथी’ खेड्यापाड्यांत पोहोचली. अलाहाबादची जीप, मुंबईच्या धारावीतली एस्ट्रेला, वडोदऱ्याची नोविनो, नेल्लोरची निप्पो ही नावे रेडिओच्या जमान्यात घरोघरी होती. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळची वायुगळती झाली ती याच युनियन कार्बाइडच्या कीटकनाशकांच्या कारखान्यात. १९९४ मध्ये मूळ अमेरिकी कंपनीने आपला वाटा विकला आणि कंपनीने पुन्हा एव्हररेडी हे नाव घेतले. लाल सेलवरचे ते नाव गावच्या किराणा दुकानात टांगलेले असते, त्यामागे एवढा इतिहास आहे.

त्या पितळी बॅटरीचा उजेड आठवणीत फार मोठा असतो. प्रत्यक्षात दोन सेलच्या साध्या गोळ्याचा, म्हणजे बल्बचा, प्रकाश नव्या सेलवर जेमतेम दहा लुमेन असे. लुमेन म्हणजे दिव्यातून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप. हा दहा लुमेनचा उजेड चकचकीत वाटी एका ठिकाणी गोळा करी, म्हणून तो लांब जाई. सेल थकला की गोळा पिवळा, मग लालसर, मग विझलेला. मग सेल काढून कौलांवर उन्हात ठेवायचे. उष्णतेने आतली रासायनिक क्रिया थोडी वेग घेई आणि रात्रीपुरता जीव येई.

हे सारे बदलले ते एलईडीने. निळा एलईडी जपानी शास्त्रज्ञांनी साधला, त्यातून १९९६ च्या सुमारास पांढरा एलईडी बाजारात आला, आणि २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल इसामू अकासाकी, हिरोशी अमानो व शुजी नाकामुरा यांना त्यासाठीच मिळाले. जुना गोळा सव्वा वॅट खाऊन दहा लुमेन देई. आजचा साधा एलईडी एका वॅटमध्ये शंभराच्या आसपास लुमेन देतो. म्हणूनच मोठ्या सेलची जड नळी मागे पडली आणि भिंतीवरच्या घड्याळात बसणाऱ्या पेन्सिल सेलवर अख्खी रात्र निघू लागली.

आता दुकानात शिरू. चांदूर बाजारच काय, परतवाडा, मोर्शी किंवा अकोल्याच्या बाजारातही समोर चार प्रकार येतात: आतच चार्जिंगचा सेल असलेली, तीन बारीक सेलची, दोन पेन्सिल सेलची आणि एका पेन्सिल सेलची.

पहिला प्रकार सर्वांत देखणा आणि सर्वांत जास्त खपणारा. पण यातल्या स्वस्त बॅटऱ्यांत अनेकदा छोटा शिसे-आम्लाचा सेल असतो. तो रिकामा राहिला की आतल्या पाट्यांवर सल्फेटचा थर चढतो आणि मग तो चार्ज धरत नाही. ओलिताच्या दिवसांत रोज चार्ज होणारी ही बॅटरी उन्हाळ्यात विसरली गेली की पावसाळ्यात बंद पडलेली सापडते. लिथियम सेलवाली बरी, पण तिच्या खोक्यावरचे आकडे तपासावेत. अंगठ्याएवढ्या जाडीच्या नेहमीच्या लिथियम सेलवर ‘९९०० एमएएच’ अशी साठवण छापलेली दिसली तर ती खोटी समजावी. त्या आकाराच्या चांगल्या सेलमध्ये साधारण साडेतीन हजार मावतात. मुख्य अडचण वेगळीच आहे. मध्यरात्री चार्ज संपला तर वावरात सॉकेट नसतो. सेलवाल्या बॅटरीला खिशातले दोन सेल पुरतात.

तीन बारीक सेलची, म्हणजे टीव्हीच्या रिमोटमध्ये बसणाऱ्या सेलची, बॅटरी दिसायला आटोपशीर. आत प्लॅस्टिकचा पिंजरा असतो, त्यात तीन सेल उलटसुलट बसतात आणि तिथेच तिचे दुखणे सुरू होते. पिंजऱ्याचे पातळ पत्रे वाकतात, गंजतात, आणि अंधारात त्यात सेल बसवणे म्हणजे परीक्षा. तीन बारीक सेलमधली एकूण ऊर्जा दोन पेन्सिल सेलपेक्षा कमी भरते. सेल जोडीने विकले जातात, म्हणून दर वेळी एक शिल्लक उरतो आणि पुढच्या वेळी जुना-नवा मिसळला जातो. यातल्या बऱ्याच बॅटऱ्यांत प्रकाश सांभाळणारे सर्किटही नसते. नव्या सेलवर डोळे दिपतात, तासाभराने उजेड उतरू लागतो.

हा सर्किटचा मुद्दा समजला की निम्मी निवड झाली. पांढऱ्या एलईडीला चालायला सुमारे तीन व्होल्ट लागतात. साधा सेल नवा असताना दीड व्होल्ट देतो, वापरता वापरता सव्वा, मग एकच्या खाली. एका सेलवर एलईडी लागतो तो आत व्होल्ट चढवणारे छोटे सर्किट असते म्हणून. असे सर्किट सेलमधला शेवटचा जीवही काढून घेते. दोन सेलच्या बॅटरीत मात्र कंजूष कारखानदार हे सर्किट गाळू शकतो, कारण नवे दोन सेल मिळून तीन व्होल्ट होतात. दुकानात ती झकास पेटते आणि सेल जरा उतरले की मंदावते, तेव्हा त्यांत बरीच ऊर्जा शिल्लक असते.

हे ओळखायची युक्ती सोपी आहे. दुकानात जाताना घरातले दोन अर्धे वापरलेले सेल खिशात टाकावेत आणि बॅटरी त्यांच्यावर लावून बघावी. नव्या सेलवर सगळ्याच पेटतात. थकलेल्या सेलवर जी ठीकठाक उजेड देते तिच्यात सर्किट आहे. दुकानदार जरा रोखून बघेल, तेवढे सोसावे.

खोक्यावरचे लुमेन वाचताना हिशेब साधा ठेवावा. हजार लुमेनना दहा वॅटच्या आसपास ताकद लागते. दोन पेन्सिल सेलमधून ती काढायची तर चार अँपिअरहून जास्त प्रवाह ओढावा लागेल आणि साधा सेल त्याखाली लगेच बसेल. म्हणजे दोन पेन्सिल सेलच्या बॅटरीवर ‘१००० लुमेन’ लिहिले असेल तर ती छपाई आहे, उजेड नव्हे. चांगल्या कंपन्या अमेरिकेतल्या एफएल-१ या मानकाप्रमाणे आकडे देतात. २००९ सालच्या या मानकात उजेडाचे अंतर मोजले जाते ते पौर्णिमेच्या चांदण्याइतका, म्हणजे पाव लक्स, प्रकाश जिथवर पोहोचतो तिथपर्यंत. आणि बॅटरी किती तास चालते हे मोजताना उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ धरतात. ‘दहा तास’ असे वाचले तर त्यातले शेवटचे तास काजव्याचे असू शकतात.

मग लागतो किती उजेड? धुऱ्यावरून चालायला वीस-तीस लुमेन पुरे होतात. स्टार्टरची पेटी उघडायला, फ्यूज बघायला पाच-दहा बस्स. जास्त झाला तर पांढऱ्या पत्र्यावरून उलटून डोळ्यांवर येतो. बागेच्या टोकाला डुकरांचा कळप आहे का हे बघायला शंभराच्या वर आणि तोही एकवटलेला हवा. म्हणून कमी आणि जास्त असे दोन टप्पे असलेली बॅटरी घ्यावी, आणि शक्य तर पहिल्या दाबाला कमी उजेड देणारी. लुकलुकणारे तिसरे-चौथे टप्पे खेळण्यापुरते. घाईत नेमके तेच हाती लागतात.

सेलचा हिशेबही मांडून बघण्यासारखा आहे. २००० एमएएचचा एक चार्जिंगचा पेन्सिल सेल १.२ व्होल्टने २.४ वॅट-तास देतो. सर्किटमध्ये पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी एका सेलवर पन्नास लुमेनचा उजेड पावणेचार तास, किंवा वीस लुमेनचा नऊ-साडेनऊ तास चालतो. एका पाळीला एक सेल पुरतो, दोन सेलच्या बॅटरीत तर दोन पाळ्या.

साधा जस्त-कार्बनचा सेल सर्वांत स्वस्त आणि सगळीकडे मिळणारा. पण बॅटरी एकदम प्रवाह ओढते आणि तिथे तो लवकर दमतो. त्याचे अंगच जस्ताचे असते; वापरात ते जस्तच झिजते आणि रिकामा सेल आत राहिला की रस पाझरतो. अल्कलाइन सेल दुप्पट-तिप्पट किमतीचा, पण बॅटरीत कितीतरी पट चालतो. पाझरतो मात्र तोही, आणि त्यातले पोटॅशियम हायड्रॉक्साइड त्वचेला झोंबते. पांढरा कीट दिसला तर हातमोजे घालून, लिंबाच्या रसात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसावा, कोरडा करावा आणि स्प्रिंगवर गंज असल्यास बारीक पॉलिश पेपर फिरवावा. बंद पडल्या म्हणून फेकलेल्या बॅटऱ्यांतल्या कितीतरी एवढ्याने सुरू होतात.

ओलिताच्या हंगामात बॅटरी रोज लागत असेल तर चार चार्जिंगचे सेल आणि एक चार्जर हा खर्च एकदाच करावा. पूर्वी हे सेल नुसते ठेवले तरी महिन्या-दोन महिन्यांत उतरत. २००५ मध्ये सान्यो कंपनीने कमी उतरणारे सेल आणले आणि आता तशा जातीचे सेल बऱ्याच कंपन्या देतात. कपाटात वर्षभर पडले तरी त्यांत बराचसा चार्ज शिल्लक असतो. दोन बॅटरीत, दोन घरी चार्जरवर, असा फेरा ठेवला की किराणा दुकानातला सेलचा खर्च जवळपास बंद होतो.

उन्हाळ्यात बॅटरी महिनाभर लागणार नसेल तर सेल काढून ठेवावेत. जुना-नवा किंवा दोन जातींचे सेल एकत्र घालू नयेत. उतरलेल्या सेलवर दुसऱ्याचा ताण येऊन तो फुटतो, पाझरतो. बॅटरीला न पुरणारा सेल भिंतीवरच्या घड्याळाला मात्र महिनोन्‌महिने पुरतो, कारण घड्याळ अगदी थेंबभर प्रवाह घेते. अल्कलाइन सेल जमिनीवर आपटून उडतो की नाही हे बघून भरलेला-रिकामा ठरवणाऱ्यांसाठी एक माहिती: २०१५ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाने यावर प्रयोग केले. सेल वापरला जातो तसा जास्त उडतो हे खरे निघाले, पण निम्मा संपल्यावर हे उडणे वाढायचे थांबते. उडणारा सेल रिकामा असतोच असे नाही.

राहिले अंगाचे. बटण मागे असेल तर त्यावरचे रबर जाड आहे का ते दाबून बघावे. सरकते बटण असेल तर हिवाळ्यातल्या गारठलेल्या बोटांनी ते हलते का. मागचे झाकण फिरवून उघडावे, आटे सरळ बसतात का आणि तिथे रबरी कडी आहे का ते बघावे. ती नसेल तर तुषार सिंचनाचे पाणी आत जाणारच. दोरी ओवायला भोक हवे, कारण पाइप उचलायला दोन्ही हात लागतात आणि बॅटरी मनगटाला लोंबत राहिलेली बरी. पुढची मान ओढून फोकस बारीक करायच्या बॅटऱ्या बाजारात फार लोकप्रिय आहेत. फोकस बारीक केला की कडेचा बराच प्रकाश आतच अडतो, हे घेताना माहीत असावे. आणि रंग: काळी बॅटरी काळ्या मातीत पडली की सकाळीच सापडते. पिवळी किंवा केशरी घ्यावी. काळीच मिळाली तर तिला रंगीत चिकटपट्टी गुंडाळावी.

रिकामे सेल विहिरीत, नाल्यात किंवा शेणखताच्या उकिरड्यावर टाकू नयेत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेले छोटे सेल परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि सेलवर फुली मारलेल्या कचरापेटीचे चिन्ह त्यासाठीच असते. परत घेणारा जवळ मिळेपर्यंत एका बरणीत ते जमवून ठेवणे आणि तालुक्याला किंवा अमरावतीला जाताना ई-कचरा घेणाऱ्याकडे देणे एवढे घराला जमते.

तेव्हा निवाडा असा. वावरात जाणाऱ्यासाठी दोन पेन्सिल सेलची, दोन टप्प्यांची, सर्किट असलेली, पत्र्याच्या किंवा जाड प्लॅस्टिकच्या अंगाची बॅटरी. घरात लाइन गेली तर उशाशी ठेवायला, म्हाताऱ्या माणसाला रात्री उठायला, एका पेन्सिल सेलची छोटी. दोन्हींना सेल एकच, त्यामुळे अडीअडचणीला घड्याळातलाही काढता येतो. चार्जिंगची बॅटरी घरात असेल तर असू द्यावी, पण रात्रीच्या पाळीला तिच्या एकटीच्या भरवशावर निघू नये. येत्या बाजाराला दोन थकलेले सेल खिशात टाकून जा, बॅटरी त्यांच्यावर लावून बघा, आणि घरी आल्यावर घेतल्याची तारीख तिच्या अंगावर लिहून ठेवा. पुढच्या दिवाळीला ती किती चालली हे तुम्हालाच कळेल.